कोच कोण निवडतो, बॉस?

दिवाळी संपून सोमवार उजाडला तरी मी नांदूरघाटलाच होतो. 'वर्क फ्रॉम होम' मिळालं होतं, पण होममध्ये रेंज नव्हती. म्हणून संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप घेऊन गच्चीवर. पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं की मोबाइलवर दोन कांड्या येतात, खाली बसलं की एक. म्हणजे अख्खा कॉल उभ्याने. शेजारी आमचा कॅप्टन, उरलेल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात बसलेला.

माझं काम रिक्रूटमेंटचं. पुण्यात बसायचं आणि अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी माणसं शोधायची. आमची क्लायंट मॅडम लुइझियानातल्या बॅटन रूजची. एरवी 'वीकेंड कसा गेला' यावर दोन मिनिटं आणि मग थेट एक्सेल शीट. त्या दिवशी, म्हणजे २७ ऑक्टोबर २०२५ला, वीस मिनिटं झाली तरी शीट उघडेना. कारण आदल्याच दिवशी तिच्या लाडक्या एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, फुटबॉल कोच ब्रायन केलीला काढून टाकलं होतं. शनिवारी घरच्या मैदानावर टेक्सास ए अँड एमकडून मार खाल्ला, रविवारी नारळ.

फुटबॉल म्हणजे त्यांचा, हाताने खेळायचा. आणि युनिव्हर्सिटीची टीम म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या आठवड्यातली मॅच नव्हे. एलएसयूच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणूस बसतो. केलीने २०२१मध्ये दहा वर्षांचा करार केला होता. आता मधेच काढलं, तर उरलेल्या करारापोटी त्याला द्यायची रक्कम निघत होती ५४ मिलियन डॉलरच्या आसपास. मॅडम पोटतिडकीने बोलत होत्या आणि मी कॅल्क्युलेटरवर शून्यं मोजत होतो. पावणेपाचशे कोटी रुपये!

कॉल संपल्यावर कॅप्टनने विचारलं, "कोण मेलं?"

मी सांगितलं. तो शेंगदाणा हातात धरून बसला.

"म्हंजी, काढायचे पैसे देतेत?"

"हो."

"आन् नोकरी लागताना?"

"तेव्हाही तेच देतात."

"कामून?"

या 'कामून'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॅप्टनची ओळख करून द्यायला हवी. पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या शेजारी बसला, खो-खोचा कॅप्टन होता म्हणून ते नाव चिकटलं. (खरं नाव छापलं तर नोकरीचे वांधे. तसेही आहेतच.) पुढे त्याने शारीरिक शिक्षणात मास्टर्स केलं, सेट काढली. आणि आता गेली सहा वर्षं जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर 'क्रीडा संचालक' आहे. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते तुमच्यासारख्या सीटीसीवाल्यांना सांगावं लागेल. जेवढे तास तेवढे पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी. दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक. आपल्याकडे प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं आणि आपण लिंक्डइनवर रडतो. याचं सहा वर्षांचं झालंय.

आता गंमत बघा. 'क्रीडा संचालक' हा शब्द अमेरिकेतही आहे, 'ॲथलेटिक डायरेक्टर'. पण तिथला क्रीडा संचालक म्हणजे बडं प्रस्थ. सगळ्या खेळांचं बजेट त्याच्या हातात, देणगीदार त्याच्या ओळखीचे आणि फुटबॉलचा कोच कोण हे ठरवायचं काम त्याचं. आपल्याकडे क्रीडा संचालक हाच कोच, हाच मॅनेजर, हाच चुना मारणारा. पंधरा ऑगस्टची परेड त्याची, नॅकची फाइल त्याची, परीक्षेचं स्क्वॉड त्याचं. तिथला नेमतो. इथल्याला नेमतात.

आणि नेमतं कोण? यूजीसीचे नियम कागदावर झकास आहेत. मास्टर्सला ५५ टक्के, नेट-सेट किंवा पीएचडी, स्वतः स्पर्धा खेळल्याचा पुरावा. शिवाय एक सॉल्लिड अट: बारा मिनिटांची धाव. वय तिशीच्या आत असेल तर बारा मिनिटांत १८०० मीटर, चाळिशीच्या आत १५००, पंचेचाळिशीपर्यंत १२००, पन्नाशीपर्यंत ८००. म्हणजे प्रोफेसरच्या स्केलची एखादी नोकरी पळून मिळते, तर ती हीच. पगार सुरुवातीलाच बेसिक ५७,७००. निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी असतात, विषयतज्ज्ञ असतात, प्राचार्य असतात. आणि खासगी कॉलेज असेल तर समितीचा अध्यक्ष? संस्थेचा अध्यक्ष, नाहीतर त्याने पाठवलेला माणूस.

दोन वर्षांपूर्वी कॅप्टन एका संस्थेच्या परमनंट पोस्टसाठी गेला होता. कॉलेजचं नाव विचारू नका. धाव झाली, मुलाखत झाली. तज्ज्ञांनी खो-खोचे चार प्रश्न विचारले, याने आठ उत्तरं दिली. खूश होऊन बाहेर आला, तर व्हरांड्यात एक गृहस्थ भेटले. ते समितीत नव्हते, कॉलेजातही नव्हते. फक्त 'अध्यक्षसाहेबांचे जवळचे' होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बाकी तयारी कितपत आहे?"

बाकी तयारीचा आकडा इथे देत नाही. पुण्यात वन बीएचके बुक करायला निघालेल्या वाचकांना तो ओळखीचा वाटेल, एवढंच. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि मग सहा महिने फेडत बसतं. इथे उलटी उचल. आधी द्यायची, मग पगारातून स्वतःच्या स्वतःला फेडायची.

कॅप्टन परत आला. पोस्ट भरली गेली. ज्याला मिळाली तो पोरगा वाईट नाही, असं कॅप्टनच सांगतो. त्याच्या बापाने दोन एकर विकलं.

मी तेव्हा फोनवर भयंकर संतापलो होतो. 'हे आमच्या इंडस्ट्रीत चालत नाही' वगैरे. मग रात्री झोप येईना. कारण चालतं की, बॉस! पैशाचं पाकीट नसतं, एवढंच. मागच्याच वर्षी एका मॅनेजर पोस्टसाठी नाव आधी ठरलेलं होतं. पॉलिसीप्रमाणे किमान तीन उमेदवार दाखवायचे होते, म्हणून मी दोघांना बोलावलं. एक जण तर नाशिकहून सुट्टी टाकून आला. त्याला मी स्वतः कॉफी दिली आणि 'वुई विल गेट बॅक टू यू' म्हटलं. 'कल्चर फिट' नावाचं एक गोड बिस्किट आमच्याकडे असतं, ते नंतर मेलमधून दिलं.

असो. गच्चीवर परत येऊ.

बीडच्या पोरांसमोर कोचची नेमणूक हा विषय निघाला की पुढचं नाव ठरलेलं. संजय बांगर. जन्म बीडचा! आम्ही पाचवीत होतो, ऑगस्ट २००२. लीड्सला हेडिंग्लेची टेस्ट. ढगाळ हवा, चेंडू वळवळतोय, सेहवाग लवकर गेलेला. आणि आमचा बांगर द्रविडला धरून उभा. १७० रन्सची पार्टनरशिप, याचे ६८. पुढे द्रविड, सचिन, गांगुली तिघांनी शतकं ठोकली, भारत एक डाव आणि ४६ रन्सनी जिंकला. जगाने ती तीन शतकं लक्षात ठेवली. आम्ही ६८ लक्षात ठेवले. लोडशेडिंगमुळे बघितलं कुणीच नव्हतं, पण मैदानात प्रत्येक जण बांगर होऊन तासभर 'लेफ्ट' करायचा. आउटच व्हायचा नाही. भांडणं व्हायची.

हा माणूस ज्युनिअर क्रिकेट महाराष्ट्र-मुंबईकडून खेळला, पण सीनिअर टीमचं दार उघडेना. मग रेल्वेकडून खेळला आणि तिथून भारताकडून. पुढे २०१४च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडमध्ये टेस्ट सिरीज ३-१ने हरल्यावर, रवी शास्त्री डायरेक्टर म्हणून आला आणि बांगर बॅटिंग कोच झाला.

तिथून पुढची पाच वर्षं म्हणजे कोचच्या राजकारणाची एमबीए केस स्टडी आहे. २०१६मध्ये हेड कोचसाठी बोर्डाकडे ५७ अर्ज आले. निवडायला सचिन, गांगुली, लक्ष्मण. त्यांनी शास्त्रीला बाजूला ठेवून कुंबळेला घेतलं. शास्त्रीची मुलाखत व्हिडिओवर झाली आणि त्या वेळी गांगुली खोलीत नव्हता, यावरून दोघांची जाहीर जुंपली. (पॅनेलिस्ट मधेच उठून जाणं हे आमच्याकडे रोजचं आहे, पण तिथे हेडलाइन झाली.) वर्षभराने, २० जून २०१७ला, कुंबळेने राजीनामा दिला. कॅप्टनला माझी स्टाइल मान्य नाही असं कळवण्यात आलं, हे त्याने स्वतःच लिहून जाहीर केलं. म्हणजे निवडलं तिघांनी, नको म्हटलं चौथ्याने. मधल्या वेस्ट इंडीज दौऱ्यात टीम कुणी सांभाळली? बांगर आणि फील्डिंग कोच श्रीधर यांनी. महिन्याभरात शास्त्री परत.

आणि मग १० जुलै २०१९. मँचेस्टर, वर्ल्ड कपची सेमीफायनल. न्यूझीलंडविरुद्ध २४० करायचे, आणि आपण ३ बाद ५. धोनी येईल, धोनी येईल म्हणून देश वाट बघतोय, तर पाचला कार्तिक, सहाला पंड्या आणि धोनी सातवर. १८ रन्सनी हरलो. मी तेव्हा पुण्यातल्या एका पबमध्ये होतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस बांगरच्या नावाने ओरडत होता, आणि मी एकटाच मान खाली घालून बसलो होतो, जणू माझ्याच चुलत्याने धोनीला मागे ठेवलं.

ऑगस्टमध्ये नेमणुका झाल्या. कपिल देव, अंशुमान गायकवाड, शांता रंगास्वामी यांच्या समितीने शास्त्रीलाच कायम ठेवलं. कोहलीने दौऱ्यावर जाण्याआधी पत्रकारांना सांगून टाकलं होतं की शास्त्री राहिले तर आनंदच. बोलिंग कोच भरत अरुण कायम. श्रीधर कायम. सपोर्ट स्टाफ निवडायचं काम सिलेक्टर्सकडे होतं आणि त्यांनी कोचेसमधलं फक्त एक नाव बदललं. बांगर गेला, विक्रम राठोड आला.

धोनीला सातवर पाठवणं हा सगळ्या टीम मॅनेजमेंटचा निर्णय होता, असं शास्त्रीनेही सांगितलं आणि बांगरनेही. सगळ्यांचा होता ना? मग सगळ्यांच्या अप्रेझलमध्ये यायला हवा होता.

कॅप्टनचं मत वेगळं. तो म्हणाला, "बॅटिंग कोच व्हता, बॅटिंग गंडली, गेला. त्यात काय एवढं? मला ते बी दुःख चालंल. परमनंट व्हऊन गेलो तर कुनी 'काढला' म्हनंल तरी. मला तर काढत बी न्हाईत. जूनमधी फकस्त बोलवत न्हाईत."

बुधवारी रात्री बॅटन रूजच्या मॅडमचा मेसेज आला, पुढे रागाच्या पाच इमोजी. लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री मैदानात उतरले होते. आपल्याकडे मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगावं की अमुक विद्यापीठाचा कुस्तीचा कोच कोण निवडणार नाही, तसं. त्यांनी सांगितलं, पुढचा कोच क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत. त्यापेक्षा मी ट्रम्पना निवडायला सांगेन! राग कशाचा? केलीचा करार वुडवर्डचा. आणि त्याआधी हेच वुडवर्ड टेक्सास ए अँड एममध्ये होते. तिथे २०१७मध्ये त्यांनी जिंबो फिशर नावाच्या कोचशी दहा वर्षांचा, ७५ मिलियनचा करार केला होता. वुडवर्ड २०१९मध्ये एलएसयूला निघून आले. मागे फिशरचा करार आणखी वाढला आणि २०२३मध्ये त्याला काढताना ए अँड एमला ७५ मिलियनच्या वर मोजावे लागायची पाळी आली. त्यांच्या कॉलेजच्या खेळात एवढी मोठी रक्कम कुणाला मिळाली नव्हती.

गुरुवारी वुडवर्डही गेले.

हे मी कॅप्टनला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुलला. "नेमनारा बी गेला? खरंच?" दोनदा विचारलं. मी म्हटलं, हो, पण त्यालाही करारातले पैसे मिळालेच. "मिळू दे की. गेला ना?"

(महिनाभराने एलएसयूने ओल मिस युनिव्हर्सिटीचा कोच लेन किफिन उचलला. सात वर्षं, वर्षाला १३ मिलियनच्या आसपास. ओल मिसची टीम तेव्हा सीझनच्या सगळ्यात मोठ्या प्लेऑफला पात्र ठरल्यात जमा. किफिन म्हणाला, तेवढं संपवून जातो. ओल मिसच्या क्रीडा संचालकाने सांगितलं, नको, आत्ताच जा. नोटीस पिरियडमध्ये प्रोजेक्ट काढून घेतात तसं!)

शुक्रवारी सकाळी गावातून ट्रॅक्टर निघाले. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, पोरं. कारखाने नोव्हेंबरात सुरू होतात. कॅप्टन रस्त्याच्या कडेला उभा राहून मोजत होता. मला वाटलं ट्रॉल्या मोजतोय. तो त्याच्या कॉलेजच्या पोरी मोजत होता. सकाळी त्यांना गावातल्या मैदानावर फुकट शिकवतो. खो-खोत एका संघात बारा. त्यातल्या तिघी आई-बापाबरोबर निघाल्या होत्या. परत येणार थेट उन्हाळ्यात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोवर होऊन गेलेली.

"खांबाजवळ पोल मारनारी गेली," तो म्हणाला. "आता नवी तयार कराया दोन महिने. आन् जूनमधी मी असंन का न्हाई, त्ये तिला माहीत न्हाई, मला बी न्हाई."

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. भारताच्या मुलींनी फायनलमध्ये नेपाळला ७८-४० हरवलं. कॅप्टन होती प्रियांका इंगळे. मूळची आमच्याच केज तालुक्यातली! पण खेळ शिकली पुण्याकडे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ला हांगझोच्या एशियन गेम्समध्ये स्टीपलचेसचं गोल्ड घेऊन आला. तो बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे त्याला अमरीश कुमार हे कोच भेटले. मधे मोठ्या फॉरेन कोचकडे ट्रेनिंग केलं, जमलं नाही, परत अमरीश कुमारांकडेच आला. बांगरला रेल्वेने धरलं, साबळेला लष्कराने, प्रियांकाला पुण्याने. जिल्ह्यातल्या कुठल्या कॉलेजच्या क्रीडा संचालकाचं नाव यात मला घेता आलं असतं, तर फार आवडलं असतं.

पैशाचा विषय त्याने त्याच दिवशी काढला. नोव्हेंबरात आणखी एका ठिकाणी मुलाखत होती. 'बाकी तयारी'तलं बरंचसं जमलं होतं. सासऱ्याकडून काही, बायकोचं सोनं, पतसंस्था. सात लाख कमी पडत होते.

मी म्हटलं, "देऊन जाऊ नकोस."

तो शांतपणे म्हणाला, "तुला फुकटात घेतलं, म्हनून तुला तत्त्व परवडतंय."

यावर मी काय बोलणार? माझ्या खात्यात फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे पैसे पडलेले आहेत, हे त्याला माहीत होतं. दिवाळीत मीच फोटो दाखवले होते, बाल्कनीसकट. रात्री बायकोशी बोललो. तिने एकच विचारलं, "त्याला द्यायचे आहेत, की त्या व्हरांड्यातल्या माणसाला?" सकाळी उठून मी कॅप्टनला सांगितलं की लागले तर देतो. त्याने मान हलवली. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. म्हणाला, "गाडी काढ. किलोमीटर मोजायचंत."

मी मोटारसायकलवर, तो शेजारून पळतोय. तेहतीस वर्षांचा, म्हणजे त्याला १५०० मीटर पुरतात. स्टॉपवॉच माझ्या मोबाइलवर. काट्यावर दीड किलोमीटर झाला तेव्हा सात मिनिटंही झाली नव्हती. मी हॉर्न दिला. तो थांबला नाही. हाताने 'चल पुढं' अशी खूण केली. बारा मिनिटं पूर्ण होईपर्यंत पळाला आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून विचारलं, "किती?" अडीचच्या वर होते.

मी पुण्याला आलो. आठवड्याने त्याचा मेसेज: 'मुलाखत पुढं ढकलली. आचारसंहिता.' नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या होत्या. अध्यक्षसाहेब प्रचारात.

सात लाख अजून माझ्याच खात्यात आहेत. बिल्डरचे रोज दोन फोन येतात. कॅप्टनचा एकच येतो, रविवारी, खो-खोबद्दल. पोल मारायला नवी पोरगी सापडलीय म्हणे, बारावीतली. डावखुरी आहे. त्याचं म्हणणं, समोरच्या टीमला हे दुसऱ्या इनिंगपर्यंत कळतच नाही.